कोकण किनाऱ्यावर ग्रॅव्हल सायकलच्या सहली आखणाऱ्या नागपुरातल्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर आणि आसपासच्या सायकल गटांचे आयोजक

मंडळी, सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की आपल्या गटांमध्ये कोकणच्या सहलींची पत्रकं फिरायला लागतात. मजकूर साधारण ठरलेला असतो: हरिहरेश्वर ते रत्नागिरी, दोन दिवस, रोज १०० किलोमीटर, ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची) असेल तर उत्तम. नागपुरात बसून नकाशा पाहिला तर हिशोब बरोबर वाटतो. किनाऱ्याकिनाऱ्यानं अंतर दोनशेच्या आसपासच भरतं, आणि तुमच्यातले कितीतरी जण सकाळी रामटेकला जाऊन जेवायला घरी परततात. पण हा हिशोब सपाट मुलखाचा आहे. कोकणात दिवस किलोमीटरनं संपत नाही, खाडीनं संपतो. म्हणून आमची पहिली विनंती ही, की पत्रकातला 'रोज १०० किलोमीटर' हा आकडा खोडा आणि त्या जागी 'रोज एक फेरीबोट' असं लिहा. बाकीचं सगळं त्यातून आपोआप ठरतं.

या टप्प्यात तीन मोठ्या खाड्या बोटीनं ओलांडायच्या आहेत: सावित्रीची बाणकोट खाडी बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी दाभोळ-धोपावे आणि शास्त्रीची जयगड खाडी तवसाळ-जयगड. आंजर्ल्यासारख्या मधल्या लहान खाड्यांवर पूल आहेत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे सगळे पूल उभे राहिले की हे गणित बदलेल, पण तोवर बोट चुकली तर चुकली. दाभोळला उभं राहून समोरचं धोपावे डोळ्यांना दिसत असतं, बोट दहा-पंधरा मिनिटांत नेते, आणि तीच बोट गेली तर दापोली-चिपळूण-गुहागर असा रस्त्याचा वळसा शंभराच्या वर जातो. त्यामुळे आयोजकांनी एक नियम पाळावा: शेवटच्या फेरीच्या आधीची फेरी हीच आपली शेवटची फेरी. वेळा हंगामानुसार बदलतात. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून विचारा, छापील वेळापत्रकावर जाऊ नका. खिशात सुटे पैसे असू द्या. खाडीच्या खोलगटात नेटवर्क गेलं की ऑनलाइन पैसे देणं तिथंच अडतं.

धक्क्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण डांबरी उतारापेक्षा इथे जास्त जण पडतात. ओहोटीला धक्क्याचा उतार पार खालपर्यंत उघडा पडतो. वरचा भाग कोरडा, खरखरीत असतो. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथून खाली रंग बदलत जातो: आधी करडा, मग हिरवट, मग काळपट हिरवा. त्या काळपट पट्ट्यावर टायर आणि क्लीटवाले (पायडलमध्ये अडकणारे) बूट दोन्ही सारखेच निरुपयोगी. सायकलवरून वरच उतरायचं. गाड्यांची चाकं जिथून जातात तिथलं शेवाळ घासून निघालेलं असतं, त्याच पट्ट्यावरून सायकल ढकलत न्यायची. कडेला जायचं नाही. तिथे दगडाला कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची धार टायरच्या बाजूच्या भिंतीला लांब चीर पाडते. काटा लागल्यासारखं ते नसतं, सीलंट (टायरमधला भोक बुजवणारा द्रव) ती चीर बुजवत नाही. आतून जुन्या टायरचा किंवा टूथपेस्टच्या नळीचा तुकडा लावून, वर ट्यूब घालूनच पुढे जावं लागतं. म्हणून ट्यूबलेस असली तरी प्रत्येकाजवळ दोन ट्यूब हव्यातच. बोटीवर सायकल गाड्यांच्या मागे, कठड्याला टेकवून ठेवायची आणि पुढचा ब्रेक रबरी पट्टीनं दाबून बांधायचा. नाहीतर बोट धक्क्याला टेकताना जो हिसका बसतो त्यात सायकल घसरते आणि डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागावर, पडते.

आता भरती-ओहोटी. हे आपल्या नागपूरच्या पोटात कधी नव्हतंच, त्यामुळे ते मुद्दाम शिकावं लागतं. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. रत्नागिरीकडे जाल तशी भरती या ठोकताळ्यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधीच येते, तेवढी सूट धरा. नेमके आकडे हवेत तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, पण सहल आखायला पंचांग पुरतं.

याचा उपयोग काय? अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती असते, ओहोटीही तितकीच खोल जाते आणि ओल्या, कडक वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेला ही ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला मिळते. कर्दे-मुरुडची किंवा गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सायकलनं पार करायची तर यापेक्षा चांगली वेळ नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती, पट्टा अरुंद आणि ओहोटी भरदुपारी. मात्र यात एक मेख आहे. ज्या सकाळी पुळण उत्तम, त्याच सकाळी खाडीत पाणी सगळ्यात कमी. धक्क्याचा उतार सगळ्यात लांब आणि निसरडा, आणि मुखाशी वाळू साठलेली असेल तर बोट पाण्याची वाट पाहत थांबू शकते. म्हणून त्या दिवशी सकाळी पुळण आणि दुपारी बोट असा क्रम लावा. उलटा लावलात तर दोन्ही बिघडतं.

पुळणीवर जायचंच असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवा. मागच्या चाकाचा ठसा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल उमटायला लागला की खाली, पाण्याच्या दिशेनं सरका. तरीही रुतत असेल तर उतरा, कारण जोर लावून फिरवलेलं चाक वाळू साखळीत ओढतं. आणि भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अजिबात जाऊ नका. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. ती घरटी नेमकी त्याच पट्ट्यात, वरून काहीही न दिसता असतात. अंधारात दिवे लावून पुळणीवर फिरणं तर पत्रकातून काढूनच टाका.

खाडीची पातळी शून्य, सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, शंभर-दीडशे मीटरवर. गाव खाडीकाठी, रस्ता सड्यावर, पुढचं गाव पुन्हा खाडीकाठी. दिवसभर हेच चालतं. त्यामुळे ७० किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर चढ सहज होतो, आणि तोही एक-एक किलोमीटरच्या तुकड्यांत, १० ते १४ टक्क्यांनी. आपल्याकडच्या ग्रॅव्हल सायकली बहुतेक पुढे एकच ४० दातांची चकती आणि मागे ११ ते ४२ दात अशा येतात. हिशोब मांडू. ४० मिलिमीटरच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला एका पायडलफेरीत २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. माणूस, सायकल, सामान मिळून ९५ किलो धरलं तर १२ टक्के चढावर नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे २३० वॅट लागतात. हे दहा मिनिटं जमेल, पण दिवसातून आठ वेळा नाही. तोच आकडा पुढे ३० दात घातल्यावर १७५ वर येतो. म्हणून सामान लादून जाणाऱ्यांना ४६/३० दातांची किंवा तशी दुहेरी चकती सुचवा. एकच चकती असेल तर ती निदान ३४-३६ दातांची करून घ्या, मागचा डिरेलर झेपवत असेल तर मागे ४६ दात बसवा. नुसती पुढची चकती लहान केली तर साखळीच्या दोन कड्या कमी कराव्या लागू शकतात, ते इथेच करून या. सरावासाठी रामटेकचा गड आहेच. नाहीतर सेमिनरी हिल्सचा चढ, पण सामान लादून आणि सलग वीस वेळा. आउटर रिंग रोडवरच्या शंभर किलोमीटरनं या कामासाठी काहीही सिद्ध होत नाही.

जमिनीबद्दल. आपली काळी माती ओली झाली की चाक आणि फोर्कच्या मध्ये भरून सायकल जागच्या जागी थांबवते. कोकणातला जांभा चिकटत नाही, पण खातो. त्याची लाल भुकटी ब्रेकच्या पॅडमध्ये शिरून कानसासारखी काम करते. खाडीकडे उतरणाऱ्या दोन किलोमीटरच्या घाटात सारखा ब्रेक धरून ठेवला तर रेझिनचे (मऊ) पॅड तापून चकाकतात, मग दाबला तरी पकड येत नाही. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड लावून या, वर एक जोडी सोबत. ब्रेक जोरात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रिम ब्रेकवाल्यांना आम्ही या मार्गावर न्यायला सांगणार नाही.

सड्यावर सुट्या जांभ्याचे वाटाण्याएवढे खडे पसरलेले असतात, खाली सपाट कडक कातळ. गोट्यांवर चालल्यासारखं होतं. ४५ मिलिमीटरचं ट्यूबलेस टायर, ७५ किलोचा माणूस असेल तर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठीक, डांबरावर ३८ पर्यंत, ओल्या वाळूत १८ ते २०. ट्यूब असेल तर सहा-आठ जास्तच ठेवा, नाहीतर जांभ्याच्या काठावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. हवा कमी-जास्त दिवसातून तीनदा तरी करावी लागणार, म्हणून प्रत्येक चौघांमागे एक मापक असलेला पंप. आणखी एक: नागपूरच्या उन्हात सीलंट दोन महिन्यांत वाळून जातं. बाभळीच्या काट्याचं भोक बुजलं म्हणून 'अजून चालतंय' म्हणू नका. निघण्याआधी प्रत्येक चाकात ६० मिलिलिटर नवं घाला.

चिरेखाणींच्या (जांभ्याचे चिरे काढतात त्या खाणींच्या) ट्रकनी घडवलेल्या कच्च्या रस्त्यांवर आडव्या वळ्या पडतात, त्यांच्या कंपनानं कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. निळा थ्रेड लॉकर (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावा आणि रोज संध्याकाळी ॲलन किल्लीनं सगळे बोल्ट फिरवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. न केल्यानं तुटलेला बोल्ट फ्रेममध्ये अडकतो आणि तो काढणारा माणूस धोपाव्याला भेटत नाही.

स्पष्टच सांगायचं तर किनाऱ्याचा मुख्य रस्ता बहुतेक डांबरी आहे. 'ग्रॅव्हल' मिळतं ते त्याला जोडणाऱ्या वाटांवर, आणि तिथेच नकाशे फसवतात. फोनवर तुटक रेषा दिसली की ती कच्चा रस्ता असेल असं आपण धरतो. कोकणात ती बरेचदा पाखाडी असते. म्हणजे दोन्ही बाजूंना गडगे (दगडी बांध), मध्ये हातभर रुंद दगडी पायऱ्या, सावलीनं शेवाळलेल्या, मध्येच आंब्याचं मूळ आलेलं. सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि सामानासकट ती वीस किलोची झालेली असते. दुसरा फसवा प्रकार म्हणजे साकव. पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) सिमेंटचा अरुंद पूल, कित्येक ठिकाणी कठडाच नसतो, आणि हँडलला बांधलेली पिशवी रुंदीत मावते का हे आधी पाहावं लागतं. तिसरा म्हणजे खाजणातले (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतले) बांध. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले हे मातीचे बांध सायकलला सुंदर, सपाट, खाडीला लागून. पण बांधाला खांड गेलेली असेल, म्हणजे तो मध्येच फुटलेला असेल, तर वाट तिथेच संपते, आणि दोन्हीकडे कांदळवनातला कमरेएवढा चिखल. त्यात 'बघू या' म्हणून उतरायचं नसतं. उपग्रहाच्या चित्रात बांध सलग दिसतो का पाहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाडीतल्या माणसाला विचारा. "काका, सायकल जाईल का?" एवढंच विचारू नका, कारण उत्तर बहुतेक वेळा "जाईल की" असंच येतं. "मोटारसायकल जाते का?" हे विचारा. त्यावर खरं उत्तर मिळतं.

रत्नागिरीच्या पुढे राजापूरकडे टप्पा वाढवणार असाल तर सड्यांवरची कातळशिल्पं लक्षात ठेवा. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली ही चित्रं जांभ्यात कोरलेली आहेत, रेषा बोट-दोन बोटं खोल, आणि डिसेंबरच्या पिवळ्या गवताखाली पटकन दिसत नाहीत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. काहींभोवती चिऱ्यांचं कुंपण आहे, पुष्कळांना नाही. मोकळ्या सड्यावर नवीन वाट पाडायची हौस करू नका, मळलेल्या वाटेवरच राहा. जांभ्याची कड एकदा निसटली की ती रेषा गेली.

उन्हाबद्दल तुम्हाला कोणी शिकवावं असं नाही, ४५ अंशांत जगणारी माणसं आपण. पण आपलं ऊन कोरडं, घाम येतो आणि उडतो. किनाऱ्यावर ३२ अंशांतही घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, आणि माणूस आणखी पाणी पितो पण मीठ घेत नाही. मग दुपारी पायात गोळे आणि डोकेदुखी. तासाला पाऊण लिटर पाणी, त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस. सड्यावर सावली आणि विहीर दोन्ही नाही, तिथे जाताना तीन लिटर सोबत. ११ ते ३ या वेळात बोट, जेवण, झोप. सावजी खाऊन निघणाऱ्यांनी आठवडाभर घावन-चटणीवर राहावं, पोटाला बरं. आणि सहल उत्तरेकडून दक्षिणेकडेच आखा. हिवाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तो पाठीशी हवा.

आता खारं पाणी, ज्याचा हिशोब परतल्यावर चुकता होतो. बोटीवर उडालेले तुषार दिसतही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर तपकिरी थर असतो. तो दोन-तीनदा ब्रेक दाबला की जातो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती ॲल्युमिनियमच्या स्पोक-निपलची, केबलच्या टोकांची आणि सीटपोस्टची. निघण्याआधी सीटपोस्ट काढून ग्रीस लावून बसवा, कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. रोज मुक्कामाला बादलीभर गोडं पाणी वरून ओता. जोराचा पाइप नको, तो मीठ आणि वाळू बेअरिंगमध्ये ढकलतो. साखळी फडक्यानं पुसून ओल्या हवामानाचं तेल, प्रत्येक कडीला एक थेंब, मग पुन्हा पुसून घ्या. वर तेल राहिलं की त्यावर लाल धूळ बसून पेस्ट होते.

सोबतचे सुटे भाग गटानं वाटून घ्या, पण डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) मात्र ज्याचा त्यानं स्वतःच्या सायकलचाच आणायचा. दोन सायकलींचे हँगर सहसा जुळत नाहीत आणि वाटेतल्या दुकानात तो मिळणार नाही. गावातला सायकलवाला चाकाचा बाक काढून देईल, वेल्डिंग करून देईल, कधीकधी आपल्यापेक्षा चांगलं. हायड्रॉलिक ब्रेकच्या तेलाची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

शेवटी वाहतूक. रेल्वेनं पाठवत असाल तर सायकल मोठ्या स्टेशनसाठीच बुक करा: चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ. गाडी जिथे दोन मिनिटं थांबते तिथे पार्सलचा डबा उघडेलच असं नाही, आणि मग सायकल मडगावला पोचते. खोक्यात घालताना डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे ध्यानात ठेवून सोडवा, डिरेलर हँगरसकट काढून फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधा, आणि डिस्क काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा अडकवा. वाटेत ब्रेकची मूठ दाबली गेली तर पिस्टन बाहेर येतात आणि सकाळी बागमांडल्याच्या धक्क्यावर चाक बसत नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी पंचांग घेऊन बसा, द्वितीया किंवा तृतीयेला पहिली पुळण येईल अशी तारीख काढा, हरिहरेश्वर ते रत्नागिरीला दोनच्या जागी चार दिवस द्या, आणि पाचवा दिवस रत्नागिरीत सायकली धुऊन, सुकवून खोक्यात घालायला ठेवा. ओली, खारी सायकल खोक्यात घालून नागपूरला आणली आणि थकवा उतरेपर्यंत आठवडाभर तशीच पडू दिली, तर ती उघडल्यावर आमच्याकडेच घेऊन यावी लागेल.

आपले,
सायकली दुरुस्त करणारे आणि मार्ग आखणारे काही नागपूरकर